ओढ घेणारी गाडी

प्रवासात झालेल्या उलटीचा वास गाडीतून कधीच पुरता जात नाही, हे मला अकरावीत असताना कळलं. साबण लावा, फिनेल लावा, लिंबं कापून ठेवा, चारी दारं उघडी टाकून गाडी दिवसभर उन्हात उभी करा. दुसऱ्या दिवशी दुपार तापली की सीटच्या शिवणीतून तो वास पुन्हा वर येतोच. आमच्या घरात आईकडे स्वयंपाक आणि जनावरं, आण्णांकडे म्हणजे माझ्या वडिलांकडे पेरूची बाग आणि गाडी, आणि माझ्याकडे ती गाडी धुणं, अशी वाटणी होती. कॉलेजातून आले की दप्तर टाकायचं, ओढणी नाकावरून बांधायची आणि बादली घेऊन भिडायचं. सीटखाली केळ्याच्या साली, दाराच्या कप्प्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या, काचांवर तेलकट डोकी टेकून उमटलेले डाग, कोपऱ्यात दाबून बसवलेले चघळलेले च्युइंगम, आणि या सगळ्यावर फुटलेल्या पुड्यांमधली उदी. देवाला आलेली माणसं आपापल्या घरी स्वच्छच राहत असतील. भाड्याच्या गाडीत बसलं की त्यांना काय होतं कुणास ठाऊक. मी श्वास रोखून हात आत घालायची, हाताला लागेल ते बाहेर ओढायची आणि मग तोंड फिरवून श्वास घ्यायची. आजही कुणाच्या गाडीत बसले की माझा पहिला श्वास आपोआप अडतो, आणि नवरा हसतो.

आमचं घर राहात्याच्या बाहेर, बागेच्या कडेला. मोसमात सगळ्या घराला पिकल्या पेरूचा वास असायचा. लोकांना तो वास आवडतो, कारण लोक पेरू पावशेर-अर्धा किलो आणतात. आमच्याकडे पाट्याच्या पाट्या. फुटलेले, पाखरांनी टोचलेले, विकता न येणारे पेरू ओट्याशी पडून राहायचे, त्यावर चिलटं घोंघावायची आणि दुपारपर्यंत सगळ्या अंगणाला आंबूस वास सुटायचा. आई त्यातलेच बरे बघून कोशिंबीर करायची, भाकरीबरोबर. मी ती गपगुमान खायची. आण्णा बागेच्या विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा गेलेला होता. कुदळ चालवणं बंद झालं, झाडावर चढणं बंद झालं. माझे काका, नाना, हे शिर्डीत हॉटेलांच्या दारात उभे राहून प्रवासी गाठून द्यायचं काम करायचे. त्यांनीच डोक्यात भरवलं की बसून करायचं काम म्हणजे गाडी. आणि कुठल्याशा हॉटेलवाल्याची जुनी, परदेशी बनावटीची, बैलगाडीएवढी लांब गाडी त्यांनी आमच्या अंगणात आणून उभी केली. मागे घेताना तिच्यातून आरतीची पिपाणी वाजायची. पहाटे पहाटे ती पिपाणी ऐकून म्हैस दावं ताणून उभी राहायची.

गाडी जुनी असली तरी एकेकाळी मोठ्या मानाची होती. तिला क्लच नव्हता, आणि स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला कानासारखा एक तुकडा होता, त्यावर बटणं. एक बटण दाबलं की यंत्रणा चालू, पुन्हा दाबलं की बंद; दुसरं दाबलं की आहे तो वेग धरून गाडी आपली आपण चालत राहायची, पाय काढून घेतला तरी. ब्रेक मारला की हे सुटायचं. मग तिसरं बटण दाबलं की ती पुन्हा स्वतःहून आधीच्या वेगाला जायची. याला क्रूझ कंट्रोल म्हणतात, हे नानांनी हॉटेलवाल्याकडून ऐकून आम्हाला सांगितलं. नगर-मनमाड रस्त्यावर असली चीज म्हणजे खड्ड्यात बसून पंख्याचं वारं घेण्यातला प्रकार. पण मधले काही पट्टे बरे होते, आणि तेवढ्यात आण्णांच्या गुडघ्याला विसावा मिळायचा. पहिल्या दिवशी ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. "अर्चे, पाय लांब करून आलो गं," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत गुडघ्याला तेल न लावता ते त्या दिवशी झोपले. त्या यंत्राबद्दल माझी काही तक्रार नाही. यंत्रानं काहीच केलं नव्हतं.

सुरुवात एका म्हाताऱ्या बाईपासून झाली. पुढच्या सीटवर बसली होती. तिनं पाहिलं की ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोकळे आहेत आणि गाडी धावते आहे. तिनं हात जोडले. आण्णा लाजून तिला समजावायला लागले, तर नाना मागून म्हणाले, "मावशी, ही गाडी कुनाच्या दारातली हाय ते बघा की. तिला चालवावी लागत न्हाई." म्हातारीनं उतरताना स्टिअरिंगला कुंकू लावलं, उदी लावली आणि आण्णांच्या हातावर भाड्याच्या वर बक्षीस ठेवलं. एवढं पुरे झालं. पुढच्या महिन्यात आण्णा पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसायला शिकले. गुडघा दुमडत नव्हता तर उजवा पाय तिरका ठेवून, पण मांडीच. एका बोटानं स्टिअरिंग धरायचे आणि डोळे अर्धे मिटायचे. हे मी स्वतः पाहिलं नव्हतं तोवर माझा विश्वास बसला नव्हता. एकदा मला कॉलेजच्या फाट्यावर सोडायचं होतं म्हणून मागे बसले, तेव्हा पाहिलं. माझा बाप, जो बागेत साप निघाला तर काठी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राहायचा, तो अनोळखी माणसांसमोर डोळे मिटून साधूचं सोंग करत होता. फाटा यायच्या आधीच उतरले, उलटी येतेय म्हणून. खोटं नव्हतं ते.

आता कुंकवाचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते तशी सगळीकडेच होते. स्टिअरिंगला हळदकुंकू, त्यावर अक्षता, फूल, चाकापुढे नारळ, आणि नारळाचं पाणी बोटांनी गाडीवर आत-बाहेर शिंपडायचं. पण आमची गाडी देवाची ठरल्यावर दर अमावास्येला आई पूजा करायची, आणि मधल्या दिवसांत प्रत्येक प्रवासी आपल्या हातानं काहीतरी लावून जायचा. कुंकू, उदी, अष्टगंध, पेढ्याचा तुकडा सुद्धा. आणि लावलेलं काढायचं नाही. मला गाडीचा कानाकोपरा खरवडायची मुभा होती, स्टिअरिंगला हात लावायची नव्हती. देवापुढचं कुंकू आणि तेही नवऱ्याच्या हाताखालचं. ते पुसायचं म्हणजे आईच्या अंगावर काटा यायचा. ते आपोआप झडेल तेव्हा झडेल. पण झडत नव्हतं. उन्हानं पेढा वितळायचा, नारळाचं पाणी त्यात मुरायचं, वर उदी बसायची आणि वाळून त्याचं दगडासारखं पुट व्हायचं. मग त्यावर पुढचा थर. त्या उजव्या कानावरची बटणं कोणती आणि लेप कोणता, ते कळेनासं झालं होतं. आण्णा अंदाजानं दाबायचे. त्याला आंबट, कुबट, साखरेसारखा वास यायचा आणि मुंग्या लागायच्या. लोक त्यालाच हात लावून तो हात कपाळाला लावायचे.

मग गाडी बिघडली. आण्णा घरी आले ते घामानं भिजलेले. म्हणाले, "ब्रेक मारला, गाडी बसली, पाय उचलला तर पुन्हा पळाया लागली." रोज व्हायचं नाही. गाडी अगदी मुंगीच्या पावलानं चालली असली तर काही नसे. पण मधल्या वेगात, एखादी एस.टी. पुढे थांबली म्हणून जरासा ब्रेक मारला आणि पाय उचलला की कधीकधी गाडी स्वतःहून उसळी घ्यायची, आधीचा वेग गाठायला. आमच्या गावातले भाऊ मिस्त्री बोलावले. त्यांचं तोंड आधी आणि पाना नंतर चालायचा. पहिल्या दिवशी म्हणाले, असली यंत्रणा या गाडीत नसतेच. दाखवल्यावर म्हणाले, असते, पण वायर अडकते. अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरला तेल सोडलं, स्प्रिंगवर दुसरी स्प्रिंग चढवली. आण्णांचा दुखरा पाय त्या दोन स्प्रिंगांशी कुस्ती खेळून सुजला, आणि उसळी तशीच. मग ब्रेकच्या पायाशी असलेला स्विच बदलला. मग इंजिनाजवळची रबरी डबी, जी वायर ओढते, ती काढून फुंकून पाहिली आणि परत लावली. शेवटी फ्यूज उपटला. क्रूझ बंद पडलं, सुटलो वाटलं, तर हॉर्नही बंद. दोन्हींना एकच फ्यूज. "हार्न नसंल तर मी ह्या रोडला गाडी काढनार न्हाई," आण्णा म्हणाले. ब्रेकशिवाय एखादा काढेल, हॉर्नशिवाय आमच्या रस्त्यावर कुणीच काढत नाही. फ्यूज परत बसला. यंत्रणा बंद करायचं बटण दाबून पाहिलं तर ते लेपाखाली रुतून बसलेलं, हलायलाच तयार नव्हतं.

भाऊ मिस्त्रींनी हात टेकले आणि नानांचे हात मोकळे झाले. त्यांनी एकच गोष्ट हेरली होती. शिंगणापूर करून परत येताना, शिर्डीच्या दिशेनं, गाडीनं अशी उसळी घेतली होती आणि मागच्या बायका घाबरून ओरडल्या होत्या. नानांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "घाबरू नका. तिला बाबांची वढ लागली." बायकांची भीती एकदम भक्तीत बदलली. त्या दिवसापासून हॉटेलांच्या दारात नाना हेच सांगायला लागले: ओढ घेणारी गाडी. ड्रायव्हर थांबवतो, गाडी थांबत नाही, दर्शनाला धाव घेते. लोक दुसऱ्या रिकाम्या गाड्या सोडून आमच्या गाडीसाठी थांबायला लागले. गाडी जाताना शिंगणापूरकडेही तितकीच उसळायची, पण ते कोण बघतंय? मी जेवताना एवढंच म्हणाले की नाना, ओढ उलट्या दिशेलाही लागते ती कशी काय. नाना भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत म्हणाले, "शिकलेल्या पोरींची तोंडं लई चालत्यात." आण्णा ताटात बघत होते. मला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील.

एका दुपारी गाडी धुताना मी स्टिअरिंगच्या त्या कानाकडे नीट पाहिलं. हात लावायचा नाही असं असलं तरी नाक तर तिथंच असायचं. मुंग्यांची रांग एका फटीतून आत जात होती. मी अंगठ्यानं तिसरं बटण दाबलं, जे दाबलं की गाडी पुन्हा वेग धरते ते. ते आत गेलं, आणि बाहेर आलंच नाही. बऱ्याच वेळानं, काकवीतून चमचा वर यावा तसं, हळूहळू वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच. आत लेप गेला होता. बटण दाबलेलंच राहत होतं. म्हणजे आण्णा ब्रेक मारायचे, यंत्रणा सुटायची, पाय उचलला की त्या चिकटलेल्या बटणामुळे तिला वाटायचं, पुन्हा पळा म्हणून सांगतायत. बस्स, एवढंच. भाऊ मिस्त्रींनी गाडीचं पोट फाडून पाहिलं होतं, पण कुंकवाखाली बघायचं त्यांनाही सुचलं नव्हतं; सुचलं असतं तरी त्यांनी हात लावला नसता.

मी पळतच ओट्यावर गेले. आण्णा, नाना चहा पीत बसले होते, आई बशा गोळा करत होती. मी सांगितलं. गरम पाण्यानं पुसून काढलं, आतलं साफ केलं की गाडी नीट होईल. आई आधी खूश झाली आणि मग तिच्या लक्षात आलं. "पुसायचं?" ती म्हणाली. "अगं, त्ये पूजेचं हाय. तुझ्या आण्णांच्या हाताखालचं हाय." नाना उठून उभेच राहिले. "लोकं त्या कुंकवाच्या पाया पडत्यात आनि तू फडक्यानं पुसनार?" मी दोघांकडे बघितलंच नाही, आण्णांकडे बघत होते. त्यांना मघाशीच कळलं होतं. त्यांचा अंगठा नकळत हवेत बटण दाबत होता, चटकन आत, सावकाश बाहेर, ते चिकट बटण यायचं तसा. त्यांना ते रोज हाताला जाणवत असलं पाहिजे. "बघू," ते म्हणाले. "अमुशा झाल्यावर बघू." त्या 'बघू'नं मला जेवढी शिसारी आली तेवढी सीटखालच्या कुठल्याही घाणीनं आली नव्हती. घाण निदान पुसायला तरी कुणी आडवं येत नव्हतं.

अमावास्या यायच्या आधी कोल्हारचा दिवस आला. माझ्या मामांकडे जेवण होतं. सकाळी शिंगणापूरच्या प्रवाशांना घेऊन जाताना आण्णांनी आम्हा दोघींना कोल्हारला सोडलं, आणि दुपारी परतताना घेतलं. नाना पुढे, प्रवासी मध्ये, आई आणि मी मागच्या आखूड सीटवर. मामीनं केलेल्या मासवड्यांचा डबा आईच्या मांडीवर होता. पुढच्या गावचा बाजार होता त्या दिवशी. आमच्याकडे बाजार रस्त्याच्या कडेलाच मांडतात, कडेला म्हणता म्हणता रस्त्यावर येतात. आण्णांनी लांबूनच ब्रेक मारला, गाडी जरा बसली, त्यांनी पाय उचलला, आणि गाडी उसळली. मध्ये बसलेल्यांपैकी एक जण "ओढ! ओढ!" म्हणून आनंदानं ओरडला. मला पुढच्या काचेतून एक बाई दिसली, मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. आण्णांनी पुन्हा ब्रेकवर दोन्ही पाय घातले, स्टिअरिंग ओढलं. गाडी मेथीवरून गेली, पाटीवरून गेली, आणि लिंबाच्या झाडाला टेकून थांबली. बाई मागे कोसळली होती. तिच्या नडगीची साल निघाली होती आणि मेथीच्या हिरव्या लगद्यात रक्त दिसत होतं. चाक तिच्या पावलापासून वीतभर लांब होतं.

ती उठून बसली आणि तिनं आण्णांना ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या रास्त होत्या. आण्णा खाली उतरून हात जोडून उभे होते. तोवर नाना पुढे झाले. "मावशी, वाचला ना? कुनी वाचवलं तुमाला? गाडी कुनाची हाय ते बघा!" जमलेल्या माणसांतली काही मान हलवायला लागली. आमच्याच गाडीतल्या एका गृहस्थानं पिशवीतून नारळ काढला, चाकाशी फोडला, त्याचं पाणी काचेवर, दारावर आणि आत वाकून स्टिअरिंगवर शिंपडलं, कुंकवाची चिमूट लावली. आणि मग वळून तो आण्णांच्या पाया पडला. रक्त निघालेल्या बाईच्या समोर. आण्णांनी पाय मागे घेतले नाहीत. मी ते नीट पाहिलं. त्यांनी डोळे खाली केले आणि त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला. आई मात्र केव्हाच खाली बसून त्या बाईच्या जुड्या गोळा करत होती, तुटलेल्या, चिखलानं भरलेल्या सुद्धा. बाईनं तिच्याकडे बघून विचारलं, "तुझा मालक का गं ह्यो?" आई म्हणाली, "व्हय." बाईचा आवाज एकदम उतरला. "जप बाई. आज मी वाचले, उद्या ह्योच जाईल एखाद्या मालट्रकखाली." आईनं मासवड्यांचा डबा तसाच तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर आई गाडीचं पुढचं दार उघडून उभी होती. पायाशी गरम पाण्याचं पातेलं, हातात तिच्याच जुन्या पातळाचा तुकडा. पहिल्यांदा तिनं नुसता स्टिअरिंगवर हात ठेवला. मग तिनं फडकं भिजवून दाबलं. थर मऊ पडायला लागला तशी लाल धार तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली, बांगड्यांत अडकली. नाना ओरडत आले. "वहिनी, सवाष्ण बाईनं आसलं करत्यात व्हय? कुंकू पुसताय तुमी!" आईनं वळूनही बघितलं नाही. "माझं कुंकू हितं न्हाई, भाऊजी," ती म्हणाली. "माझं कुंकू ह्या शिटावर बसतंय." आण्णा दारात उभे होते. ते ना पुढे आले, ना मागे गेले. आई रडत होती आणि पुसत होती, नाकाचं पाणी खांद्याला पुसत होती, आणि पातेल्यातलं पाणी बदलून बदलून शेवटी एकदाचं काळं प्लॅस्टिक दिसायला लागलं. मग ती मला म्हणाली, "अर्चे, आता तू काय करायचं ते कर." आणि मोरीवर जाऊन तिनं भडाभडा ओकलं.

मी बटणाचं झाकण केसाच्या पिनेनं उचकलं. आत साखरेचा काळा गोळा, मेलेल्या मुंग्या, आणि तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज. टूथब्रश आणि पेट्रोल घेऊन बसले. असलं नाजूक काम मला तेव्हा फार चांगलं जमायचं, आणि खरं सांगायचं तर एवढ्या किळसेतही त्या पट्ट्या पिवळ्याधमक चमकायला लागल्या तेव्हा मला आनंद झाला. बटण टचकन आत, टचकन बाहेर. बंद करायचं बटणही मोकळं झालं. संध्याकाळी आण्णा, आई आणि मी पाटाच्या कडेच्या सरळ रस्त्यानं गाडी घेऊन गेलो. आण्णांनी वेग धरला, पाय काढला, ब्रेक मारला, पाय उचलला. गाडी गप्प. पुन्हा केलं, पुन्हा गप्प. आई मागून म्हणाली, "आजून एकदा करा." त्यांनी आणखी एकदा केलं. मग त्यांनी तिसरं बटण दाबून पाहिलं. गाडी झोकात, एकही धक्का न देता वेगाला गेली. आण्णा खुदकन हसले आणि म्हणाले, "बरूबर काम करतंय गं पोरी." मला वाटलं, संपलं. आईनं घरी येऊन गूळ-तुपाचा शिरा केला आणि नाना जेवायला आले नाहीत म्हणून कुणाला वाईट वाटलं नाही.

नंतर थोड्याच दिवसांनी पुन्हा मी फाट्यापर्यंत मागच्या सीटवर होते. प्रवासी नाशिककडचे होते. त्यांच्यातल्या आजीबाईंनी विचारलं, "ओढ घेते म्हणतात ती हीच का हो गाडी?" नाना पुढच्या सीटवर होते, पण ते बोलले नाहीत, आण्णांकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. आण्णांनी आरशात पाहिलं. मी त्यांना दिसले असणार. "व्हय आजी," ते म्हणाले, "हीच." पुढे मोकळा रस्ता होता. त्यांनी ब्रेक मारला, पाय उचलून मांडी घातली, डोळे अर्धे मिटले, आणि अंगठ्यानं ते तिसरं बटण दाबलं. मी घासलेलं बटण. गाडी अशी काही सुरेख ओढली गेली की पूर्वी कधी ओढली गेली नव्हती. आजीबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. सगळ्यांनी जयघोष केला. नानांनी आण्णांच्या खांद्यावर थाप मारली.

घरी मी आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. सांगून झाल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली, आणि म्हणाली, "बटन तूच नीट केलंस ना?" मी हो म्हणाले. "मंग मोडून टाक." दुसऱ्या दिवशी गाडी धुताना मी तो कान उघडला, आतल्या त्या तिसऱ्या बटणाच्या वायरी कात्रीनं कापल्या आणि झाकण बसवून टाकलं. आण्णांना तेव्हाच कळणार नाही, पण पहिल्यांदा दाबतील तेव्हा कळेल. प्रवाशांसमोर त्यांना सांगावं लागेल की गाडी बिघडली होती, ती गाडीच आहे. ते ऐकायला मी मुद्दाम त्यांच्याबरोबर निघाले.

गाडी भरलेली होती. राहात्याच्या पुढे आण्णांनी ब्रेक मारला आणि अंगठा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. नानांनी मान वळवली. मागच्या बायकांनी हात जोडून ठेवलेले होते. आण्णांनी आरशात माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही; त्यांना कळलं होतं, कुणी केलं ते. बोला आता, मी मनात म्हणत होते, बोला. मग गाडी उसळली. बायका ओरडल्या, जयघोष झाला. क्षणभर मला वाटलं, माझीच काही चूक झाली, एखादी वायर राहिली. मी वाकून पुढे पाहिलं. आण्णांचा उजवा पाय, तो सुजलेला, न दुमडणारा, भाऊ मिस्त्रींच्या दोन स्प्रिंगांशी झुंजत अ‍ॅक्सिलरेटरवर टाच रोवून दाबलेला होता. कळ कपाळापर्यंत गेलेली होती, ओठ घट्ट मिटलेले होते, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्याला लोंबत होता. आणि डोळे त्यांनी अर्धे मिटून घेतले होते.